सगळेच होते

लहानपणी आमच्या घरी ‘रझाकार’ हा शब्द राक्षस या अर्थी वापरला जाई. मूल जेवताना मागेपुढे करू लागले की आजी म्हणे, “जेव लवकर, नाहीतर रझाकार येतील.” आम्ही मुले डोळे मिटून घास गिळत असू. माझ्या डोळ्यांपुढे जो रझाकार उभा राही त्याचे डोळे लालभडक असत, मिशा भल्या मोठ्या असत आणि हातात नंगी तलवार असे. तो कोणाचा तरी मुलगा असेल, त्याचे लग्न झाले असेल, सकाळी उठून तोही चहा पीत असेल, ही कल्पना माझ्या मनाला कधी शिवली नाही. राक्षसांना आईबाप नसतात.

पुढे उर्दूचे चार शब्द कळू लागले तेव्हा समजले, की रझाकार या शब्दाचा साधा अर्थ स्वयंसेवक असा आहे. जो आपल्या राजीखुशीने काम करतो तो रझाकार. हा अर्थ कळला त्या दिवशी मला काहीसे चमत्कारिक वाटले होते. आज वयाची पासष्टी उलटल्यावर मी जे लिहायला बसलो आहे, ते त्या चमत्कारिक वाटण्याविषयीच आहे.

माझे आयुष्य या शहरात इतिहास शिकविण्यात गेले. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. ज्या काळाविषयी मी लिहीत आहे त्या काळी ते औरंगाबाद होते, म्हणून त्या त्या ठिकाणी मी जुनेच नाव वापरीन. मास्तरकीच्या एवढ्या वर्षांत मी मुलांना देवगिरीचे यादव शिकविले, मलिक अंबर शिकविला, हैदराबादचा मुक्तिसंग्राम तर दरसाल शिकविला. परंतु साधासुधा माणूस वाईट कृत्य करण्याइतका बदलतो कसा, हा प्रश्न मी कधी फळ्यावर लिहिला नाही. लिहिला असता, तर एखाद्या चलाख मुलाने विचारले असते, “सर, तुम्ही तेव्हा कोठे होता?” त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. आधी इतिहास पाहू.

हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. त्यांपैकी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी बोलणारे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा निजामाने भारतात सामील होण्याचे टाळले आणि पुढले तेरा महिने हा मुलूख रझाकारांच्या दहशतीखाली राहिला. या संघटनेचा पुढारी कासिम रझवी. हा मनुष्य मूळचा कोण होता? लातूरला वकिली करणारा एक वकील. कज्जेदलालीत दिवस घालविणारा, पक्षकारांशी हुज्जत घालणारा, तालुक्याच्या गावी असतात तसलाच एक वकील. मजलिसे इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची सूत्रे त्याच्या हाती आली नसती, तर लातूरच्या बाररूमबाहेर त्याचे नाव कोणाला कळलेही नसते.

त्याच्या मागून जे गेले ते तर याहूनही सामान्य. त्यांना “तुम्ही लुटारू व्हा” असे कोणी सांगितले नव्हते. त्यांना सांगितले गेले, की तुमची सत्ता धोक्यात आहे, तुमचा धर्म धोक्यात आहे, उद्या तुमच्या बायकामुलांचे काय होईल याचा भरवसा नाही, आणि तुम्ही रक्षक आहात. लुटायला निघ म्हटले तर शंभरांतली नव्वद माणसे कचरतील. रक्षण करायला निघ म्हटले तर घरचीच मंडळी भाकरी बांधून देतील. या रक्षकांनी खेड्यापाड्यांतून खंडण्या उकळल्या, घरे जाळली, माणसे मारली. बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावी मे १९४८ मध्ये झालेले हत्याकांड अजून लोकांच्या स्मरणात आहे. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रात्री घरी परतताना त्यांची हत्या झाली. लिहिणारा हात तोडण्यात आला. ते मुसलमान होते ही गोष्ट त्यांना वाचवू शकली नाही. रक्षकांच्या दृष्टीने रांगेबाहेर पडलेला आपला माणूस परक्याहूनही वाईट असतो.

त्या वर्षी आमच्या घरची माणसे वैजापूर तालुक्यातले आपले गाव सोडून येवल्याला नातेवाइकांकडे जाऊन राहिली होती. येवला इंग्रजी मुलखातले, म्हणजे तेव्हाच्या नव्या भारतातले. बैलगाडीत बसून रातोरात केलेला तो प्रवास माझ्या वडिलांनी मला इतक्या वेळा सांगितला आहे, की मी त्यानंतर दहा वर्षांनी जन्मलो तरी त्या गाडीत मीही होतो असे मला वाटत आले. आम्ही सोसले आहे, ही भावना मला वारसा म्हणून मिळाली. जमिनीच्या वारशाची वाटणी होते. सोसण्याचा वारसा प्रत्येकाला पुरा मिळतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस मराठवाड्यात मुक्तिदिन म्हणून पाळला जातो आणि तो पाळलाही पाहिजे. शाळेत असताना झेंडावंदनाला मी पांढराशुभ्र सदरा घालून जात असे. आमच्या पुस्तकातला धडा १७ सप्टेंबरला संपत असे. गोष्ट मात्र तेथे संपली नव्हती.

फौजा आल्या, जुनी सत्ता कोसळली आणि नवी सत्ता बसायची होती. त्या मधल्या दिवसांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले, त्याची चौकशी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे एक मंडळ पाठविले. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे मंडळ संस्थानात हिंडले. सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत ते गेले. ज्या खेड्यांत जाता आले नाही, तेथल्या पाचशेहून अधिक लोकांची हकीकत त्यांनी ऐकली. मंडळाचा अंदाज असा, की पोलीस कारवाईच्या वेळी आणि तिच्यानंतर निदान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे प्राणास मुकली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत कहर झाला. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांतही पाच हजारांच्या वर माणसे मेली. काही ठिकाणी पोलीस आणि सैनिकही लुटीत सामील झाले होते, असेही मंडळाने नमूद केले. हा अहवाल कित्येक दशके कपाटात पडून राहिला.

तो मी वाचला तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. आकड्यांपेक्षाही एका निष्कर्षाने मला थांबविले. हे अत्याचार करणारे केवळ रझाकारांच्या हातून पोळलेले लोक नव्हते, असे मंडळाने म्हटले आहे. पोळलेल्या माणसाने सूड घ्यावा हे समजू शकते; समजू शकते म्हणजे क्षम्य असते असे नाही, पण त्यात एक हिशेब असतो. येथे ज्यांचे घर जळले नव्हते तेही आले, सरहद्दीपलीकडून टोळ्या आल्या, आणि ज्यांच्यावर ते तुटून पडले त्यांतल्या पुष्कळांनी रझाकाराचा गणवेश जवळून पाहिलादेखील नसेल. दुखणे एकाचे होते आणि त्याचा परवाना दुसऱ्यांनी वापरला.

मला आमच्या गावच्या मुलाण्याची आठवण झाली. आठवण तरी कशी म्हणावी, मी त्याला पाहिलेले नाही. गावात एका पडक्या भिंतीला ‘मुलाण्याचे घर’ म्हणत. लहानपणी मी वडिलांना विचारले होते, “मुलाणी कोठे गेला?” ते म्हणाले, “गेले ते.” मी विचारले, “का गेले?” वडील जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “त्या वेळी सगळेच गेले.” येवल्याच्या प्रवासातला प्रत्येक मुक्काम, गाडीचे मोडलेले चाक, वाटेत मिळालेले ताक, हे सगळे तपशिलाने सांगणारे माझे वडील. मुलाण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्याजवळ तीन-चार शब्दांपलीकडे काही नव्हते. ते दुष्ट नव्हते. गावात त्यांच्याइतका भिडस्त माणूस नव्हता. म्हणूनच ती गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता थोडा विचार करू. सामान्य माणसाच्या हातून अशी कृत्ये घडायची तर त्याच्या मनात आधी काही गोष्टी घडून याव्या लागतात. पहिली गोष्ट ही, की शेजाऱ्याचे नाव पुसले जाते. काल जो अमुक होता, ज्याच्या विहिरीवर आपण पाणी भरले, ज्याच्याकडून उसने पैसे घेतले, तो आज ‘त्यांच्यातला’ होतो. नाव असलेल्या माणसाच्या दाराला काडी लावणे कठीण असते. ‘त्यांच्या’ दाराला लावणे सोपे. दुसरी गोष्ट, आपण सोसले आहे ही जाणीव. ती खरी असते, म्हणूनच धोक्याची. खोट्या तक्रारीवर माणूस फार काळ जगत नाही. खऱ्या तक्रारीवर तो पिढ्यान्‌पिढ्या जगतो, आणि तिच्या जोरावर आपण जे करू ते सर्व न्यायच आहे असे त्याला वाटू लागते. तिसरी गोष्ट, वरून मिळालेली मूक संमती. पोलीसपाटील पाठ फिरवतो, फौजदार उशिरा येतो, गावातली वडीलधारी माणसे दार लावून घेतात. करा असे कोणी म्हणत नाही. करू नका असेही कोणी म्हणत नाही.

या तिन्ही गोष्टी असूनही पुष्कळ माणसे स्वतःहून पुढे सरसावत नाहीत. त्यांना ओढून नेते ती चौथी गोष्ट, आणि तिच्याकडे आपले लक्ष फार कमी जाते. ती म्हणजे रांगेतून बाहेर पडण्याची लाज.

याचे सर्वांत उघडे उदाहरण आपल्याकडचे नाही, म्हणून क्षणभर परदेशात जाऊ. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या हांबुर्ग शहरातून पोलिसांची एक राखीव पलटण, क्रमांक १०१, पोलंडमध्ये धाडण्यात आली. तीत सुमारे पाचशे माणसे. बहुतेक मध्यमवयीन, संसारी; गोदीतले कामगार, ट्रकवाले, कारकून. हिटलर येण्यापूर्वीच त्यांचे बालपण सरलेले. १३ जुलै १९४२ रोजी पहाटे युझेफूफ नावाच्या गावी त्यांना हुकूम मिळाला, की तेथल्या ज्यूंपैकी कामाची पुरुषमाणसे वेगळी काढायची आणि बायका, मुले, म्हातारे यांना रानात नेऊन गोळ्या घालायच्या. हुकूम सांगताना त्यांचा मेजर ट्राप याच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्याने एक सवलतही देऊ केली: वयाने मोठे असलेल्यांपैकी ज्याला हे झेपणार नाही त्याने पुढे येऊन सांगावे. पाचशेंतून पुढे आले जेमतेम बाराएक. बाकीचे रानात गेले. संध्याकाळपर्यंत सुमारे पंधराशे माणसे मारली गेली.

अमेरिकन इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी या पलटणीच्या माणसांचे पुढे झालेले जाबजबाब तपासून १९९२ साली एक ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथात राक्षस शोधणाऱ्याची निराशा होते. नकार देणाऱ्यांना कोणतीही जबर शिक्षा झाली नाही. त्यांना बंदूक खाली ठेवता आली असती. परंतु सगळे सोबती उभे असताना एकट्याने पाऊल पुढे टाकायचे, म्हणजे आपण भित्रे ठरू, आपल्या वाटणीचे घाणेरडे काम दुसऱ्यावर टाकल्यासारखे होईल, ही लाज त्यांना गोळी झाडण्याच्या लाजेपेक्षा मोठी वाटली. माणसे मारायला त्यांना द्वेषाची फारशी गरज पडली नाही. चारचौघांसारखे असणे पुरेसे झाले.

हे वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटून ठेवले आणि माझ्या मनात गुलमंडी उभी राहिली.

१९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे मिलिंद या नावाने ते प्रसिद्धीस आले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. उच्च शिक्षणाच्या बाबतीत उपाशी असलेल्या या भागात ते केवळ दलितांचे कॉलेज राहिले नाही. सर्व जातींची मुले तेथे शिकली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे अशी मागणी पुढे आली आणि २७ जुलै १९७८ रोजी राज्याच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव संमत केला.

दुसऱ्या दिवसापासून शहर पेटत गेले. त्या वेळी मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. वय एकोणीस. घर सवर्ण, मध्यम शेतकऱ्याचे. विद्यापीठाच्या नावातून मराठवाडा जाणार म्हणजे आमची ओळख जाणार, निजामाविरुद्ध ज्यांनी रक्त सांडले त्यांची आठवण पुसली जाणार, असे आम्हांला सांगितले गेले आणि आम्हांला ते पटले. मुक्तिसंग्रामात तावूनसुलाखून निघालेल्या आदरणीय माणसांपैकीही काहींचा नामांतराला विरोध होता. त्यांनी कोणाचे घर जाळा असे म्हटले नव्हते, परंतु त्यांच्या विरोधाने आमच्या विरोधाला अब्रू मिळाली. येवल्याच्या बैलगाडीत बसून मी मोर्चाला गेलो, असे म्हटले तरी चालेल.

मोर्चा गुलमंडीवरून पैठण गेटकडे निघाला. सुरुवातीला घोषणा मराठवाड्याच्या होत्या. मग हळूहळू त्या बदलल्या. कोणी बदलल्या मला सांगता येणार नाही. पुढून एक आवाज आला आणि मागून हजार आवाजांनी तो उचलला. त्या घोषणांत विद्यापीठ राहिले नाही, एक जात राहिली. त्या शब्दांनी माझ्या अंगावर काटा आला, हे मी स्वतःची बाजू सावरण्यासाठी सांगत नाही. काटा आला आणि मी घोषणा दिली. माझ्या उजव्या हाताला माझ्या गल्लीतला मुलगा होता, डाव्या हाताला वर्गातला. मी गप्प राहिलो असतो तर त्यांनी माझ्याकडे पाहिले असते, एवढीच भीती. मला कोणी मारले नसते. कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरून चहा मागविला असता तरी काम भागले असते. मी पैठण गेटपर्यंत चालत गेलो, घरी आलो, आईने वाढले ते जेवलो आणि घसा बसला म्हणून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या.

शहरात सुरू झालेले हे लोण पाहता पाहता खेड्यांत गेले. परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतल्या खेड्यांना त्याची झळ सर्वांत जास्त लागली. दलित वस्त्या पेटविण्यात आल्या, घरातली ज्वारी जाळण्यात आली, माणसांना गावाबाहेर हाकलण्यात आले. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची जमावाने हत्या केली. ज्यांनी हे केले त्यांतल्या किती जणांनी विद्यापीठाचे दार पाहिले असेल? विद्यापीठाच्या पाटीवर काय लिहावे हा प्रश्न त्यांच्या शिवाराला कोठेही लागत नव्हता. लागत होते ते निराळेच. १९५६ च्या धर्मांतरानंतर गावकीची कामे नाकारणारा, मेलेले ढोर ओढणार नाही म्हणणारा, पोराला शिकायला शहरात धाडणारा, गायरानाचा तुकडा कसू पाहणारा माणूस गावाच्या डोळ्यांत खुपत होता. १९७९ साली अत्याचारविरोधी समितीने आपल्या अहवालात जे मांडले, त्याचा रोखही याच बाजूला होता. नाव हे निमित्त झाले. जुने खुपणे आत होतेच. शहरातून मोर्चाची बातमी आली आणि त्या खुपण्याला परवाना मिळाला.

यात कामाची वाटणी कशी होते ती पाहण्यासारखी आहे. कोणी तारा तोडतो, कोणी रस्त्यावर दगड रचतो, कोणी रॉकेलचा डबा आणून देतो, कोणी काडी ओढतो, आणि बाकीचे गाव ओट्यावर उभे राहून पाहते. पुढे विचारले तर प्रत्येकजण आपला तुकडा दाखवितो. मी नुसत्या तारा तोडल्या. मी नुसता उभा होतो. या साखळीची पहिली कडी शहरात होती, आणि तिथला मनुष्य म्हणतो, मी नुसती घोषणा दिली. साखळी सबंध पाहण्याची जबाबदारी कोणावरच नसते, म्हणून ती इतकी लांब जाते.

सुंदरलाल मंडळाच्या अहवालात एक लहानसा उल्लेख आहे. १९४८ च्या त्या धुमाळीत हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचविल्याची उदाहरणे मंडळाला मिळाली, आणि एका व्यवसायातल्या माणसांमध्ये ही माया अधिक आढळली. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, त्यात स्वतःचे प्राणही गमावले. पैठण आणि येवल्याच्या या मुलखात वाढलेल्या मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. मागाशी बसणाऱ्याला ठाऊक असते की शेजारच्या मागावर कोण बसले आहे, त्याचे सूत कोठे तुटते, त्याची मजुरी कोणी बुडविली. बाहेरून जमाव ‘ते’ म्हणत आला तेव्हा या विणकरांच्या तोंडी नाव होते. धर्म, तत्त्वज्ञान, मानवता हे शब्द मोठे आहेत आणि ते जमावालाही येतात. त्या विणकरांना वाचविण्यासाठी जे पुढे आले, त्यांना समोर एक ओळखीचा माणूस दिसत होता. रांगेतून बाहेर पडायला एवढे पुरले.

माझ्याजवळही असा एक माणूस होता. आता ते सांगून टाकतो.

माझ्या वर्गात परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला एक मुलगा होता. नागसेनवनाच्या बाजूला खोली घेऊन राही. जातीने कोण ते मला ठाऊक होते आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होते. अक्षर मोत्यासारखे. मराठ्यांच्या इतिहासाची त्याची वही मी जुलैत उतरवून घ्यायला म्हणून आणली होती. मोर्चाच्या दिवशी ती वही माझ्या टेबलावर होती. म्हणजे नाव माझ्याजवळ होते; पुठ्ठ्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलेले होते. गुलमंडीवर उभा राहून मी ती घोषणा देत होतो, तेव्हा ते नाव मला आठवले नाही, असे मी आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. आठवले होते. ‘तो निराळा’ असे मी मनात म्हटले आणि पुढे चालू लागलो. माझे काम थोडे सोपे व्हावे म्हणून मी त्याला ‘त्यांच्यातून’ वगळले. बाकीच्यांना नावे असतील हा विचार केला नाही.

ऑगस्टपासून तो वर्गात दिसेना. दिवाळीच्या सुटीनंतर एके दिवशी आला. वाळला होता. मी वही परत दिली. घरी सगळे बरे आहेत ना, एवढे विचारायला हवे होते; माझी जीभ उचलली नाही, कारण उत्तर काय येईल त्याचा अंदाज होता. त्यानेच विचारले, “तू होतास का रे त्या मोर्चात?” आवाजात राग नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचे असावे.

मी म्हणालो, “सगळेच होते.”

तो “बरं” म्हणाला, वही पिशवीत घातली आणि निघून गेला. परीक्षेला तो बसला की नाही मला ठाऊक नाही. पुन्हा आमची गाठ पडली नाही.

नामांतराचा लढा त्यानंतर सोळा वर्षे चालला. नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, सत्याग्रह झाले, माणसे तुरुंगात गेली, काहींनी प्राण दिले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे झाले. मराठवाडाही राहिला, बाबासाहेबही आले. आज त्या कमानीखालून हजारो मुले जातात आणि कोणाचीही ओळख पुसली गेलेली नाही. ज्यासाठी आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो, ते संकट मुळी नव्हतेच. जळालेली ज्वारी मात्र खरी होती.

‘सगळेच होते’ हे माझे शब्द नव्हते, हे मला फार उशिरा उमगले. ते वडिलांचे होते. मुलाण्याचे घर ओस का पडले याचे उत्तर त्यांनी त्याच शब्दाने दिले होते. सगळेच गेले. सगळेच होते. वाईट घडण्यापूर्वी शेजाऱ्याचे नाव पुसावे लागते, आणि ते घडून गेल्यावर माणूस त्याच बोळ्याने स्वतःचेही नाव पुसून टाकतो. मग करणारा कोणी उरत नाही, ज्याच्यावर ओढवले तोही उरत नाही. उरतो तो ‘तो काळ’, आणि काळाला कोणी जाब विचारू शकत नाही. पुढच्या पिढीला आपण सोसल्याचा वारसा देतो, केल्याचा देत नाही. तिला वाटते आपल्या घरात आजवर कोणी काही केलेलेच नाही. अशी पिढी कोणत्याही मोर्चात निर्धास्त जाते.

रझाकार म्हणजे स्वयंसेवक हे कळल्यावर मला चमत्कारिक का वाटले, ते आता सांगता येईल. राक्षसाच्या कुळात आपला जन्म झालेला नाही, याची खात्री असते. स्वयंसेवक मात्र कोणीही होऊ शकतो.

माझा तो मित्र कोठे असेल तेथे सुखी असो. त्याने विचारलेल्या प्रश्नाला दोन शब्दांचे उत्तर होते आणि ते देण्याला मला सेहेचाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. मी होतो.